आळ्यातलं कापड

संत्र्याच्या झाडाच्या मुळांवर मूलकेस फार तुरळक असतात. खरं तर आपल्या बागेत मूळ संत्र्याचं नसतंच. ते जंबेरीचं किंवा रंगपूर लाइमचं असतं आणि वर डोळा संत्र्याचा भरलेला असतो. पण लिंबूवर्गातल्या सगळ्याच झाडांची गत तीच. गव्हाचं मूळ केसांच्या आधारानं मातीच्या फटीफटीत शिरतं, या झाडांना ते साधत नाही. त्यांचं ते काम मायकोरायझा बुरशी करते. मुळाच्या पेशींत राहून ती आपले तंतू मुळाच्या काही सेंटिमीटर पुढे सोडते, तिथला स्फुरद आणि जस्त आणून देते आणि बदल्यात पानांनी तयार केलेली साखर घेते. अमेरिकेतल्या रोपवाटिकांत एके काळी रोग मारण्यासाठी जमिनीत विषारी धुरी द्यायचे. माती अगदी निर्मळ व्हायची आणि त्या निर्मळ मातीत लिंबूवर्गाची रोपं खुरटायची. क्लाइनश्मिट आणि गेर्डेमान या दोन शास्त्रज्ञांनी १९७२ साली दाखवून दिलं, की रोगाबरोबर ही बुरशीही मेली होती आणि रोपं स्फुरदावाचून उपाशी होती. बुरशी परत दिली, रोपं उठली.

मी हे सगळ्यात आधी सांगते, कारण देवळी तालुक्यातल्या बागांत फिरताना मला रोज त्याच उपासाची लक्षणं दिसतात. आमची काळी माती चुनखडीची. तिच्यात घातलेला स्फुरद कॅल्शियम धरून ठेवतं. माती परीक्षणात आकडा बरा येतो आणि झाड मात्र पिवळं.

माझं काम बागांतल्या मातीतले सूक्ष्मजीव तपासण्याचं. टेबल वर्ध्याला, बागा देवळीच्या. संत्र्याचा खरा पट्टा जिल्ह्यात वरच्या अंगाला, कारंजा, आर्वी, आष्टीकडे. देवळी म्हणजे पराटी, तूर आणि आता सोयाबीन. इथल्या संत्र्या-मोसंबीच्या बागा या वावरांच्या मधोमध विखुरलेल्या आणि त्यांतल्या कितीतरी जमिनी कालपरवापर्यंत कापसाखालीच होत्या. हे ध्यानात घेतल्याशिवाय इथल्या बागेची माती कळत नाही. दर उन्हाळ्यात नांगरलेल्या आणि पावसाळाभर डवरलेल्या जमिनीत टिकून राहतात ते झटपट वाढणारे, झटपट मरणारे जिवाणू. बुरशीचे तंतू लांब, सलग आणि नाजूक. वखराच्या पासेखाली ते दरवर्षी तुटतात. अशा जमिनीत आपण वीस-पंचवीस वर्षं जगणारं झाड लावतो आणि त्याला नेमकं बुरशीचंच बळ लागतं.

हे जीव मोजायची रूढ रीत बशीची. एक ग्रॅम माती निर्जंतुक पाण्यात घोळायची, त्यातलं थोडं पुढच्या नळीत, तिथलं थोडं त्याच्या पुढच्या नळीत, असं दहादहा पटीनं विरळ करत न्यायचं आणि शेवटच्या नळीतलं थेंबभर पाणी पेट्रीच्या बशीत पसरायचं. स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंसाठी पिकोव्हस्कायाचं दुधट माध्यम असतं. ते वाढले की वसाहतीभोवती स्वच्छ पारदर्शक कडं उमटतं. इतक्या वर्षांनंतरही ते कडं पाहिलं की मला आनंद होतो. पण बशीत वाढतात ते मातीतल्या जिवांपैकी शंभरात एखादे. शिवाय दहाचा सातवा घात लिहिलेला कागद बागायतदाराच्या हातात दिला, तर तो आदरानं घडी करून खिशात ठेवतो आणि बागेत जे करत होता तेच करतो. त्याचं चुकत नाही. त्या आकड्यानं त्याला काहीच दाखवलेलं नसतं.

म्हणून मी कापड पुरते. खादीचं कोरं कापड, रंग नाही, कांजी नाही, स्वच्छ धुतलेलं. त्याच्या पट्ट्या कापून झाडाच्या घेराखाली, वीतभर खोल, फावड्यानं पाडलेल्या उभ्या फटीत बसवायच्या आणि दोन-तीन आठवड्यांनी काढायच्या. कापूस म्हणजे जवळपास शुद्ध सेल्युलोज. त्याला खाणारे जीव जागे असले आणि त्यांना ओल, हवा आणि थोडं नत्र मिळत असलं, तर कापड जातं. नाहीतर राहतं. ही युक्ती माझी नव्हे. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटनं पुरून पाहण्यासाठी खास प्रमाणित सुती कापड बनवलं होतं आणि मृदाशास्त्रज्ञांनी ते जगभर वापरलं. हिंगणघाटच्या कापसाचं नाव एके काळी मँचेस्टरच्या बाजारात होतं. आमच्या जिल्ह्यात अशी परीक्षा कापसानंच व्हावी, हे मला मनापासून योग्य वाटतं.

पहिल्यांदा पट्ट्या पुरताना एका बागेतले काकाजी धुऱ्यावर उभे राहून बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, “बाई, एवढं चांगलं कापड मातीत कायले घालता?”

“खाली खाणारे आहेत का ते पाहायचंय, काकाजी.”

“आन् नाई खाल्लं तं?”

“मग झाडालाही जेवायला घालणारं कोणी नाही.”

त्यांनी थोडा विचार केला आणि बागेच्या दुसऱ्या टोकाला, जिथे झाडं वाळत होती, तिथे मला घेऊन गेले. “मंग इथंबी पुरा.” तेव्हापासून कुठे पुरायचं हे मी एकटी ठरवत नाही. बागेची नस तिच्या मालकाला आणि पाणी देणाऱ्या बायामाणसांना माझ्याहून चांगली ठाऊक असते.

मे महिन्यात देवळीत पारा पंचेचाळीसला टेकतो, कधी ओलांडतो. उघडी काळी माती हवेपेक्षाही जास्त तापते. तिच्यातली चिकणमाती आकसते आणि कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. त्या भेगांत बारीक मुळं ताणून तुटतात. जिवाणू या दिवसांत दार लावून बसतात. बॅसिलस बीजाणू होतो, ॲझोटोबॅक्टर जाड कवचाच्या पुटीत जातो आणि ज्यांना हे जमत नाही ते मातीच्या कणांच्या आतल्या पातळ ओलीत तग धरतात किंवा मरतात. मेमध्ये काढलेलं कापड पुरलं तसंच निघतं, फक्त कडक होतं. सोयाबीनचं कुटार घातलेल्या आळ्यात मात्र त्याच दिवशी, त्याच बागेत, कापडावर करडे-पिवळे ठिपके असतात आणि हाताला गारवा लागतो. उन्हाळ्यात बागेत रोटाव्हेटर फिरवून जमीन साफ दिसेल अशी करण्याची रीत आहे. ती थांबावी असं मला फार वाटतं. तण मरतं हे खरं, पण संत्र्याची खाणारी मुळं वरच्या फूटभरातच असतात आणि बुरशीचं जाळंही तिथेच.

मग मृगाची सर येते. मातीचा वास सुटतो तो स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूंनी बनवलेल्या जिओस्मिनचा. माणसाचं नाक हे द्रव्य लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम असलं तरी ओळखतं. २०२० साली एक सुंदर गोष्ट सिद्ध झाली. या वासाकडे मातीतले स्प्रिंगटेल नावाचे बारीक किडे ओढले जातात, ते जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगावर नि पोटात घेऊन दूर पसरवतात. सगळं वावर ज्या वासानं हरखतं, तो जिवाणूंना आपल्या प्रसारासाठी उपयोगी पडतो.

पण बागेच्या दृष्टीनं मोठी घटना वासाची नसते. कोरडी माती एकदम भिजली की तिच्यातून कर्बवायूचा लोट उठतो आणि नत्र मोकळं होतं. केनियात मुगुगा इथे काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी १९५८ साली हे नीट मांडलं आणि पुढे त्या परिणामाला त्यांचंच नाव मिळालं. उन्हाळ्यात मेलेल्या जिवांचं शरीर, जिवंत राहिलेल्यांनी कोरडेपणाशी झुंजायला साठवलेली आणि पाणी येताच बाहेर टाकलेली द्रव्यं, ढेकळं फुटून उघडा पडलेला जुना कुजका भाग, हे सगळं दोन-तीन दिवसांत खाल्लं जातं. मृग बहार धरणाऱ्याची फुलं याच वेळी येतात. उन्हाळ्याचा ताण, पहिला पाऊस आणि फूल यांचा जो मेळ आपल्या माणसांनी पिढ्यानपिढ्या बसवला, त्याला मातीखालची ही बाजूही आहे. मोकळं झालेलं हे नत्र मात्र थांबत नाही. बारीक मुळं शाबूत असतील तर झाड घेतं, नसतील तर पाण्याबरोबर खाली जातं. ज्या आळ्यात उन्हाळाभर आच्छादन होतं आणि मुळं तुटली नाहीत, त्या झाडाला ते मिळतं. पहिल्या पावसाच्या पाठोपाठ युरियाचं पोतं फोडणाऱ्यांना मी एवढंच विनवते, की आठ-दहा दिवस थांबा, आधी मातीनं वाढलेलं झाडाला जेवू द्या.

जुलैच्या मध्यापासून गोष्ट बदलते आणि इथेच देवळीच्या बागा जिंकतात किंवा हरतात. काळी माती फुगते, भेगा मिटतात, आणि सखल वावरांत पाणी उतरायला जागा राहत नाही. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानानं सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. चिंब मातीतले जिवाणू शिल्लक हवा काही तासांत संपवतात. त्यानंतर ज्यांना हवा लागतेच ते गप्प होतात आणि ज्यांना नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरता येतो ते पुढे येतात. असं करताना ते नायट्रेटचं वायूत रूपांतर करतात आणि बागायतदारानं विकत घेतलेलं नत्र आभाळात जातं. आणखी थोडे दिवस पाणी राहिलं तर सडक्या अंड्याचा वास येतो. त्या दिवसांत मी कापड काढते तेव्हा लोकांना वाटतं, एवढी ओल आहे, सगळं खाल्लं गेलं असेल. कापड बहुतेक साबूत निघतं, काळंकुट्ट आणि बुळबुळीत. चार ओळींपलीकडच्या दुसऱ्या झाडापाशी, जिथे ओळींच्या मधून उताराला चर काढला आहे, तिथे त्याच पावसात कापडाची जाळी झालेली असते. ओल तीच, माती तीच. फरक हवेचा. वाफसा म्हणजे काय हे सांगायला मला याहून चांगलं साधन सापडलेलं नाही.

चिंब मातीत आणखी एक जीव जागा होतो, फायटोफ्थोरा. तो बुरशीसारखा दिसतो, पण नात्यानं तपकिरी शेवाळांच्या जवळचा. त्याचे बीजाणू दोन शेपट्यांनी पाण्यात पोहतात आणि मुळातून पाझरणाऱ्या रसाचा माग काढत तिथपर्यंत जातात. मूळकूज, खोडावरचा डिंक्या आणि ऑगस्ट-सप्टेंबरात जमिनीलगतच्या फळांची तपकिरी कूज व गळ, ही तिन्ही त्याची कामं. तो आहे का हे पाहायची रीत सोपी आहे. आळ्यातली माती भांड्यात पाण्यात कालवायची आणि वर संत्र्याच्याच पानाचे छोटे तुकडे तरंगत ठेवायचे. एक-दोन दिवसांत पानाच्या कडेला सूक्ष्मदर्शकाखाली लिंबाच्या आकाराच्या पिशव्या दिसल्या, की तो आहे. मी हे बागायतदारांना भिंगातून दाखवते. पोहणारा बीजाणू डोळ्यांनी पाहिलेला माणूस पुन्हा खोडाला पाणी लागू देत नाही. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था दुहेरी आळ्याची शिफारस करते. खोडाभोवती आतलं कोरडं आळं, पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात. काकाजींनी हे आपल्या शब्दांत सांगितलं होतं: “झाडाले पाणी पायजे, पण त्याचे पाय ओले नाई राहाले पायजे.”

खोडाला बोर्डो मलम लावायलाच हवं. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. हे औषध १८८५च्या सुमारास फ्रान्सच्या द्राक्षबागांत आलं आणि आजही त्याच्या तोडीचं स्वस्त काही नाही. पण उरलेलं मलम आळ्यात ओतू नये. तांबं कुजत नाही, उडून जात नाही, साचतं, आणि मुळाशी राहणाऱ्या बुरशीला तेही विषच. मलम आज आणि ट्रायकोडर्मा हे जैविक औषध उद्या, त्याच आळ्यात, असं करणारी माणसं भेटतात. ट्रायकोडर्माही बुरशीच आहे, तिलाही फार तांबं सोसत नाही.

ट्रायकोडर्मा, ॲझोटोबॅक्टर, पीएसबी म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, यांचे पुडे आणि डबे आता प्रत्येक कृषी केंद्रात मिळतात. अमरावतीच्या सुभाष पाळेकरांनी घरोघरी नेलेलं जीवामृतही आमच्याकडे बरेच जण करतात. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती. मी ड्रममधलं पाणी तपासलं आहे. त्यात जिवाणू अफाट असतात. ते आळ्यात ओतल्यावर पहिल्या आठवड्यात मातीतली संख्या चढते. पुढे उघड्या, घट्ट, पाणी धरणाऱ्या आळ्यात ती जिथे होती तिथेच परत येते; पालापाचोळा असलेल्या, चर काढलेल्या आळ्यात वरची पातळी बराच काळ टिकते. त्यामुळे माझं मत असं झालं आहे, की डबा कोणता, हा प्रश्न तिसरा. पहिला प्रश्न निचऱ्याचा, दुसरा चाऱ्याचा. ट्रायकोडर्मा द्यायचा तर पुडा नुसता मातीवर भुरभुरून उपयोग नाही. शंभर किलो कुजलेल्या शेणखतात किलोभर मिसळून, सावलीत, गोणपाटाखाली पंधरा दिवस ओलसर ठेवावा, सगळं पांढरं-हिरवं झालं की आळ्यात मिसळून वर पाला टाकावा. हेही जूनमध्ये, ओल असताना. मेच्या फुफाट्यात टाकलेला पुडा म्हणजे पैसे उन्हात वाळत घातल्यासारखं आहे.

कापड सगळ्यात लवकर कधी जातं? मी काम सुरू केलं तेव्हा माझा अंदाज जुलैचा होता. पट्ट्यांनी वेगळं सांगितलं. भादव्यातल्या उघडिपीपासून दिवाळीपर्यंत माती अजून उबदार असते, पाणी उतरलेलं असतं, आणि फटींतून हवा परत आलेली असते. या काळात चांगल्या निचऱ्याच्या बागेतून कापड काढायला गेलं, की कधी कधी हाताला फक्त शिवणीचा दोरा लागतो. हा दोरा मी मुद्दाम पॉलिएस्टरचा वापरते, नाहीतर पट्टी कुठे होती हेच सापडत नाही. या मोसमात मातीला खाऊ द्यायला हवं आणि नेमकं तेव्हाच बागेत आळी खुरपून चकचकीत करण्याची धांदल असते. मी सांगते, तण कापा, उपटू नका, कापलेलं तिथेच राहू द्या. दोन ओळींमध्ये बोरू पेरला असेल तर तो फुलोऱ्याआधी आडवा करा. बोरूची मुळं उपटून गाठी नखानं फोडून पाहा. आत गुलाबी असेल तर तिथले जिवाणू हवेतलं नत्र बांधताहेत.

आणि पराट्या. आमच्या तालुक्यात फेब्रुवारीपासून धुऱ्याधुऱ्यावर कापूस वेचून उरलेल्या पराट्यांचे ढीग पेटतात. मला त्या धुराचं वाईट वाटतं, कारण बुरशीला हवा असतो तो लाकडासारखा, हळू कुजणारा चारा याच ढिगांत असतो आणि बाग शंभर पावलांवर असते. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात आपली कंपोस्टची पद्धत बसवली, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच माल होता, पराट्या आणि तुराट्या. एवढं टणक काड कुजेना, म्हणून ते आधी शेतातल्या रस्त्यावर अंथरायचे आणि ये-जा करणाऱ्या गाड्यांखाली भरडून घ्यायचे. आज तेच काम ट्रॅक्टरचं श्रेडर तासाभरात करतं. बोंडअळीचे कोष पराटीत राहतात ही शेतकऱ्याची शंका खरी आहे, म्हणून उभ्या पराट्या ठेवू नयेत. त्यांचा बारीक चुरा करून, शेणकाल्यासह ढिगात तापू द्यावा आणि मगच बागेत आणावा.

२०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळू लागली. तिच्यात बारा रकाने असतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधकासह बाकीची अन्नद्रव्यं. पत्रिका उपयोगाची आहे, मी स्वतः ती घेऊनच बागेत जाते. पण जमिनीत काही जिवंत आहे की नाही, हे तिच्या एकाही रकान्यात नाही. तालुक्यातल्या काही बागायतदारांनी आता पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला कापडाची नोंद ठेवायला सुरुवात केली आहे: पुरल्याची तारीख, काढल्याची तारीख, किती उरलं. एकाच्या घरी तर हे काम सातवीतली मुलगी करते आणि ती माझ्यापेक्षा नेटकं लिहिते.

आता आमच्यात वाद चालू आहे तो ताणाचा. आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडतात. हलक्या जमिनीत महिनाभरात झाड ताणावर येतं. देवळीच्या खोल काळ्यात ओल इतकी टिकते, की दोन महिने झाले तरी पान माना टाकत नाही, आणि वर आच्छादन असेल तर विचारायलाच नको. “तुमचं कुटार ठेवलं तं ताणच बसत नाई, मंग फूल कुठून येईन?” हा प्रश्न मला विचारला गेला आणि तो रास्त आहे. वाढ रोखणारं संजीवक फवारून काम भागवणारे आहेत. पण आच्छादनावर विश्वास ठेवून ज्यांनी बहार गमावायची जोखीम घ्यायची, त्यांना मी नुसता उपदेश करू शकत नाही. म्हणून दोन बागांत आम्ही असं ठरवलं आहे: पाणी तोडल्यावर अर्ध्या झाडांचं आच्छादन दाताळ्यानं ओढून ओळींच्या मधल्या पट्ट्यात न्यायचं, तिथे ते बुरशीसाठी राहील, जानेवारीत पहिलं हलकं पाणी दिलं की परत घेराखाली ओढायचं. उरलेल्या अर्ध्या झाडांना हात लावायचा नाही. दोन्हीकडे कापड पुरायचं आणि फुलं मोजायची. दाताळं ओढायची मजुरी झाडामागे किती पडते, हेही लिहून ठेवायचं, कारण फुलं जास्त आली तरी मजुरी परवडली नाही तर पुढच्या वर्षी हे कोणी करणार नाही.